भत्तुद्देसक आणि वृत्तसंपादक : खैरलांजीच्या निमित्ताने

विनयपिटकातील चुल्लवग्गात, सेनासनक्खन्धकात, संघाच्या एका अधिकाऱ्याचे वर्णन आले आहे. त्यास भत्तुद्देसक म्हणतात. राजगह येथे दुर्भिक्ष पडले असता समग्र संघास भोजन देणे उपासकांना अशक्य झाले. निमंत्रणे थोडी आणि भिक्षू अधिक, अशी अवस्था आली. छब्बग्गिय भिक्षूंनी उत्तम भोजने आपल्यासाठी ठेवून निकृष्ट भोजने इतरांच्या वाट्यास जाऊ दिली. तेव्हा कोणी कोठे भोजनास जावे हे ठरविणारा एक भिक्षू संघाने संमतीपूर्वक नेमावा, असा नियम झाला. त्याच्या अंगी पाच गुण असावेत असे सांगितले आहे. पैकी चार निषेधात्मक आहेत : तो छंदाने म्हणजे पक्षपाताने जाणारा नसावा, दोसाने म्हणजे द्वेषाने जाणारा नसावा, मोहाने जाणारा नसावा, भयाने जाणारा नसावा. या चार अगति दीघनिकायाच्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थालाही सांगितल्या आहेत, म्हणून त्या आपल्या परिचयाच्या आहेत. पाचवा गुण मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही. काय वाटून झाले आणि काय वाटावयाचे राहिले, कोणास मिळाले आणि कोणास मिळाले नाही, हे त्यास ठाऊक असावे. पालीत यास 'उद्दिट्ठानुद्दिट्ठ' असा सुटसुटीत सामासिक शब्द आहे.

वृत्तपत्रांविषयीच्या लेखाचा आरंभ विनयापासून का, असे वाचक विचारतील. आम्ही पालि वाङ्मयाचे अभ्यासक; वृत्तविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तथापि वृत्तपत्राचे पान ही दुर्भिक्षातील पंगतच असते. जगातील सर्व दुःखे बारा पानांत मावत नाहीत, आणि वृत्तवाहिनीच्या अर्ध्या तासात तर मुळीच मावत नाहीत. म्हणून 'माध्यमे निवड करतात' हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटतो. निवड केल्यावाचून संपादकाचे काम होणारच नाही. विचारावयाचे ते एवढेच की, निवड कोणत्या अगतीने झाली. आणि जे निवडले गेले नाही त्याची नोंद कोणी ठेवली काय. या दोन प्रश्नांची कसोटी लावून पाहण्यास आमच्या माहितीत भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्याइतके बोलके स्थळ दुसरे नाही.

घटना सर्वश्रुत आहे, तरी तारखा पुन्हा मांडणे आवश्यक आहे, कारण प्रस्तुत समीक्षा तारखांचीच आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावी भैयालाल भोतमांगे यांचे बौद्ध कुटुंब राहत होते. गावात दलितांची घरे बोटांवर मोजण्याइतकी. कुटुंबाची थोडी शेती होती आणि शेतातून जाणाऱ्या वाटेवरून गावकऱ्यांशी जुना तंटा होता. त्यांचे एक नातेवाईक शेजारच्या गावचे पोलीस पाटील होते. सप्टेंबर २००६ च्या आरंभी त्यांस मारहाण झाली. भैयालाल यांच्या पत्नी सुरेखा यांनी मारणाऱ्यांना ओळखून तशी साक्ष दिली. २९ सप्टेंबर २००६ रोजी ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच सायंकाळी जमावाने भोतमांगे यांच्या झोपडीवर चाल केली. सुरेखा, कन्या प्रियांका, पुत्र रोशन व सुधीर असे चौघे मारले गेले. त्यांची प्रेते कालव्यात टाकण्यात आली. भैयालाल तेवढे वाचले, आणि त्यांनीच आंधळगावच्या पोलीस ठाण्यास खबर दिली.

म्हणजे खबर होती. पोलिसांत होती, तालुक्यात होती, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ती जिल्हापातळीवर छापूनही आली. खैरलांजीच्या बाबतीत 'माध्यमे महिनाभर गप्प राहिली' असे सरसकट म्हटले जाते, ते अक्षरशः खरे नाही, आणि त्या विधानाने मूळ दोष झाकला जातो असे आमचे मत आहे. बातमी आली, परंतु कोणत्या नावाने आली? 'अनैतिक संबंधां'मुळे संतप्त झालेल्या गावकऱ्यांनी केलेले हत्याकांड, या नावाने. ज्या स्त्रीने साक्ष दिली, तिच्या साक्षीचा उल्लेख मागे पडला आणि तिच्या चारित्र्याविषयीची गावगप्पा पुढे आली. एकदा हे नाव पडल्यावर पुढचे सारे आपोआप घडते. 'अनैतिक संबंधातून खून' हा वृत्तपत्रांचा रोजचा, ठराविक साच्याचा माल आहे. त्याची जागा ठरलेली असते, त्याची लांबी ठरलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पाठपुरावा होत नाही हेही ठरलेले असते.

या ठिकाणी त्याच विनयातील दब्ब मल्लपुत्ताची कथा आठवल्यावाचून राहत नाही. दब्ब हे संघाचे सेनासनपञ्ञापक आणि भत्तुद्देसक होते. मेत्तिय आणि भुम्मजक नावाच्या भिक्षूंच्या वाट्यास एकदा निकृष्ट भोजन आले. ते दब्बांनीच मुद्दाम करविले असा त्यांचा समज झाला आणि सूड म्हणून त्यांनी एका भिक्षुणीकरवी दब्बांवर दुराचाराचा आरोप आणविला. आरोप कानी आल्याबरोबर तो सत्य मानला गेला नाही. ज्यांच्यावर आरोप होता त्यांस संघासमक्ष विचारण्यात आले. ज्यांनी तो रचला त्यांची कसून विचारपूस झाली, आणि रागाने आपण हे केले असे त्यांनी कबूल केले. निराधार आरोपाविषयीचा संघादिसेसाचा आठवा नियम या कथेतून निघाला आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संस्थेला ठाऊक होते की, वाट्याच्या किंवा वाटेच्या तंट्यातून चारित्र्याचा आरोप जन्मास येतो, म्हणून आरोपाबरोबर त्यामागचा तंटाही विचारावा लागतो. खैरलांजीत तंटा शेताच्या वाटेचा आणि साक्षीचा होता. सुरेखा भोतमांगे यांना विचारणे शक्य नव्हते. पण भैयालाल जिवंत होते.

आता हे नाव कोठे पडले? मुंबईच्या किंवा नागपूरच्या संपादकाच्या मेजावर नव्हे. तेथवर ते पोहोचले तेव्हा तयार होते. मराठी दैनिकांचा तालुका वार्ताहर हा बहुधा पगारी माणूस नसतो. त्यास मिळणारे मानधन नाममात्र. जाहिराती मिळवून दिल्या तर त्यावरील अडत हीच त्याची खरी मिळकत. जाहिराती देणारे कोण, तर बाजार समितीचे, पतसंस्थेचे, पंचायतीचे लोक. गुन्हेवार्तेसाठी त्याचा आधार पोलीस ठाणे. ठाण्यातून जे नाव मिळेल तेच नाव बातमीस. तो त्याच पंचक्रोशीत राहतो आणि त्याला उद्याही तेथेच राहावयाचे असते. या माणसास द्वेष्टा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची अगति मुख्यतः भयाची, आणि क्वचित नातेसंबंधाच्या छंदाची. मग ती बातमी जिल्हा पानात जाते. गेल्या काही दशकांत मराठी दैनिकांनी जिल्ह्याजिल्ह्याची स्वतंत्र पाने आणि पुरवण्या काढल्या. त्यामुळे गावोगावच्या वाढदिवसांची छायाचित्रे छापण्याची सोय झाली खरी. परंतु भंडाऱ्याचे पान भंडाऱ्यातच वाचले जाऊ लागले. नागपूर शहरातल्या वाचकाच्या हाती त्याच दैनिकाचा जो अंक पडतो त्यात मोहाडी नसते. भंडारा नागपूरपासून साठ-पासष्ट किलोमीटर. बातमीला ते अंतर कापण्यास चार आठवडे लागले.

हे चार आठवडे कोणते होते, इकडे लक्ष द्यावे. २ ऑक्टोबर २००६ रोजी विजयादशमी होती. धम्मदीक्षेचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष. हत्याकांडानंतर तिसऱ्या दिवशी लक्षावधी लोक दीक्षाभूमीवर होते, आणि त्यांत भंडारा जिल्ह्यातून आलेलेही होते. १४ ऑक्टोबर या दीक्षेच्या दिनांकास नागपुरात सामूहिक धर्मांतराचा समारंभ झाला, त्याचे वृत्त परदेशी माध्यमांनीही दिले. म्हणजे ज्या पंधरवड्यात दलितांचा प्रश्न या विषयाकरिता देशोदेशीचे वार्ताहर नागपुरात लक्ष ठेवून होते, त्याच पंधरवड्यात दोन तासांच्या वाटेवर चार बौद्धांची हत्या होऊन गेलेली होती आणि ती त्या विषयात बसत नव्हती. तिचे नाव वेगळे होते. ९ ऑक्टोबरला कांशीराम यांचे निधन झाले. त्यानिमित्त दलित राजकारणावर स्तंभच्या स्तंभ लिहिले गेले. तेही योग्यच. परंतु मोहाडी त्यांतही नव्हती. ही मोहागति. द्वेष असता तर तो दिसला असता, त्यावर वाद करता आला असता. मोहात समोरची वस्तू दिसते आणि ती दुसरीच काही आहे असे वाटते.

मग बातमी बाहेर कशी आली? प्रेतांची छायाचित्रे, हाताने वाटलेली पत्रके, सत्यशोधन समित्यांचे अहवाल, आणि आप्तेष्टांनी व आंबेडकरी कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन सांगितलेली हकीकत यांतून. रविवार २९ ऑक्टोबर २००६ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त सॅब्रिना बकवॉल्टर यांचा सविस्तर वृत्तांत आला, तेव्हा महानगरी वाचकवर्गाला या प्रकरणाचे गांभीर्य प्रथम कळले. घटनेस त्या दिवशी बरोबर तीस दिवस झाले होते. नोव्हेंबरात भंडारा, नागपूर, अमरावती येथे मोर्चे निघाले, संचारबंदी लागली, गोळीबार झाला. या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असावा असे विधान राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी केले, आणि ते विधान तत्काळ बातमी ठरले. नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ 'डेक्कन क्वीन'चे डबे जाळण्यात आले. त्या सायंकाळी मात्र वाहिन्यांना विलंब लागला नाही. पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्या मध्यमवर्गाची ती लाडकी गाडी. चार माणसांना राष्ट्रीय बातमी होण्यास एक महिना लागला, डब्यांना एक तासही लागला नसेल. जाळपोळीचे समर्थन करण्याचा येथे प्रश्न नाही. परंतु जाळल्याशिवाय छापत नाहीत, हा धडा त्या दिवशी कोणी कोणास दिला, याचा विचार अग्रलेख लिहिणाऱ्यांनी करावयास हवा होता. बहुतेकांनी कायदा व सुव्यवस्थेवर लिहिले.

बातमीची निवड कशाने होते यावर पाश्चात्य अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेतील अभ्यासकांनी १९६५ साली काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन वृत्तपत्रांत कशा आल्या याचे परीक्षण केले आणि निवडीची काही तत्त्वे काढली. घटना थोरांची असावी, एका व्यक्तीच्या रूपाने सांगता यावी, अनपेक्षित असावी. आणि तरीही वाचकाच्या मनात आधीच असलेल्या कल्पनेशी जुळणारी असावी. शेवटची अट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. २००६ साली बाहेरच्या माध्यमांच्या मनात विदर्भाचे एक चित्र तयार होते : कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. ते चित्र तयार होण्यासही वर्षे लागली होती. त्या वर्षी मुंबईच्या फॅशन सप्ताहास पाचशेहून अधिक पत्रकार होते आणि विदर्भातील आत्महत्यांचे वृत्त घेण्यास बाहेरून आलेले पत्रकार जेमतेम सहा, याकडे पी. साईनाथ यांनी लक्ष वेधले आहे. जुलै २००६ च्या आरंभी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. ते सहा जिल्हे कापसाचे. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. तो त्या यादीत नव्हता आणि त्या चित्रातही नव्हता. एका दुःखाला मोठ्या कष्टाने जागा मिळाली की, तेच दुःख शेजारच्या दुसऱ्या दुःखाची जागा अडविते, असा हा विचित्र न्याय आहे.

त्याच जुलै महिन्यात हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा बालक कूपनलिकेच्या खड्ड्यात पडला. सुमारे पन्नास तास साऱ्या देशाने त्याची सुटका दूरचित्रवाणीवर पाहिली. बालक वाचला, याचा आनंद कोणास होणार नाही! परंतु या घटनेला वाहिनीस हवे ते सर्व होते : एकच जागा, एकच निष्पाप जीव, कॅमेरा उभा करण्यास मोकळे मैदान, आणि 'पुढे काय' हा प्रश्न. खैरलांजीत कॅमेरा पोहोचला तेव्हा दाखविण्यास एक मोडकी झोपडी आणि न बोलणारे गाव एवढेच उरलेले होते.

आयसेन्से आणि स्ट्रोमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांचा २००७ सालचा अभ्यास याहून अधिक बोचरा आहे. १९६८ ते २००२ या काळातील सुमारे पाच हजार नैसर्गिक आपत्ती त्यांनी तपासल्या. अमेरिकी वाहिन्यांवर त्यांपैकी कोणत्या आल्या आणि कोणत्या आपत्तींत अमेरिकेने मदत दिली, हे ताडून पाहिले. ऑलिम्पिक सामने चालू असताना येणारी आपत्ती पडद्यावर येण्याचा संभव कमी, आणि म्हणून मदत मिळण्याचाही कमी, असे त्यांस आढळले. ज्वालामुखीच्या उद्रेकात एक माणूस मेला तर बातमीचा जेवढा संभव, तेवढा संभव निर्माण होण्यास अन्नटंचाईत सुमारे चाळीस हजार माणसे मरावी लागतात, असे त्यांचे गणित आहे. उपाशी मरणे हळूहळू घडते आणि त्यात ज्वाळा दिसत नाहीत. इथिओपियातील दुष्काळ बराच काळ चालू असता २३ ऑक्टोबर १९८४ रोजी मायकेल बर्क यांचे वार्तापत्र मोहम्मद अमीन यांच्या चित्रणासह बी.बी.सी.वर दाखविले गेले, आणि त्यानंतर जग जागे झाले. आपल्याकडे मेळघाटातील बालमृत्यूंचे तेच आहे. तेथील कुपोषण बारमाही, बातमी पावसाळी. अमर्त्य सेन यांनी वृत्तस्वातंत्र्य असलेल्या लोकशाहीत मोठे दुष्काळ पडत नाहीत असा सिद्धांत मांडला, तो वारंवार सांगितला जातो. त्यांनीच त्यास जोडलेली पुस्ती, की नित्याची उपासमार मात्र अशा लोकशाहीतही खपून जाते, तितकी सांगितली जात नाही.

हे झाले साधारण नियम. परंतु त्यांनी खैरलांजीचा उलगडा पूर्णपणे होतो असे आम्हांस वाटत नाही. चार जणांची सामूहिक हत्या ही हळूहळू घडणारी घटना नव्हे. ती अनपेक्षित होती, तीत व्यक्ती होत्या, नावे होती. गाल्टुंग-रूगे यांच्या बहुतेक कसोट्यांवर ती उतरते. तरी ती पडली. येथे निवडणारे कोण हे पाहणे प्राप्त आहे. जून २००६ मध्ये, म्हणजे हत्याकांडाच्या चारच महिने आधी, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ वृत्तसंस्थांमधील ३१५ निर्णयाधिकारी पत्रकारांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा एकही आढळला नाही. ही पाहणी दिल्लीची. मराठी जिल्हा वृत्तपत्रांना ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही, आणि विदर्भात बौद्ध पत्रकार नाहीत असे तर कोणीच म्हणणार नाही. परंतु वार्ताहर असणे वेगळे आणि कोणती बातमी जिल्हा पानावरून पहिल्या पानावर न्यावयाची हे ठरविणारा असणे वेगळे. भत्तुद्देसकाची नेमणूक संघाच्या संमतीने, जाहीर ठरावाने होत असे. ज्यांच्या वाट्यास वाटप यावयाचे त्यांची त्या नेमणुकीस मान्यता लागे.

डॉ. बाबासाहेबांनी हे १९२० सालीच ओळखले होते. त्या वर्षी ३१ जानेवारीस 'मूकनायक' निघाला. त्याची पैसे देऊन छापावयाची जाहिरातही 'केसरी'ने नाकारली, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही परंपरा झाली. या पत्रांत गावोगावच्या जुलुमाच्या हकीकती गावाच्या व तालुक्याच्या नावासह छापल्या जात. आम्हांस त्या हकीकतींचे मोल त्या काळच्या अग्रलेखांइतकेच वाटते. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडारा मतदारसंघाने बाबासाहेबांना पराभूत केले, ही गोष्ट या जिल्ह्याच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. त्याच जिल्ह्यातून त्यांच्या पत्रांच्या परंपरेला शोभेल असे कार्य २००६ च्या ऑक्टोबरात साध्या पत्रकांनी केले, हेही सांगितले गेले पाहिजे.

खटल्याचा निकाल भंडारा येथील न्यायालयात सप्टेंबर २००८ मध्ये लागला. आठ जण दोषी ठरले. सहांस मृत्युदंड, दोघांस जन्मठेप. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी मृत्युदंडाऐवजी पंचवीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप दोन्ही न्यायालयांत टिकले नाहीत. हत्येमागे साक्षीचा सूड होता असे न्यायालयांनी मानले. या निर्णयांवर आनंद तेलतुंबडे आदींनी सविस्तर टीका केली आहे आणि ती अभ्यासण्यासारखी आहे. आमचा मुद्दा मर्यादित आहे. न्यायालयास अभिलेखावरील पुराव्याचे बंधन असते. वृत्तपत्रास तसे बंधन नसते. शेजारच्या गावात जाऊन, ही साक्ष देणारी स्त्री कोण, तिच्या घराभोवती दुसरी घरे कोणाची, तिला पक्के घर का बांधता आले नाही, हे विचारण्यास त्यास कोणी अडविलेले नव्हते. जे पहिल्या आठवड्यात विचारले असते तर पुरावा झाले असते, ते दोन महिन्यांनी विचारल्यावर केवळ मत झाले. उशिरा आलेल्या बातमीचे खरे नुकसान हे आहे. तपासाचे पहिले दिवस कोणाच्या नजरेखाली नव्हते.

याच जिल्ह्यातील आणखी दोन गोष्टी तुलनेसाठी मांडतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागून दहा अर्भके दगावली. सकाळ होताच ती साऱ्या देशाची बातमी झाली, आणि व्हावयासच हवी होती. म्हणजे भंडारा दूर आहे हे कारण पुरेसे नाही. आग दिसते, अर्भकावर कोणताही आरोप रचता येत नाही, आणि त्याची जात विचारण्याचे कोणास सुचत नाही. दुसरी गोष्ट गोसीखुर्द धरणाची. पवनी तालुक्यातील या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्यानंतर गावेच्या गावे उठली, प्रकल्पग्रस्तांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. ती जिल्हा पानाबाहेर फारशी गेली नाहीत. उलट २०१६ साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातील 'जय' नावाचा वाघ दिसेनासा झाला, तेव्हा त्याच पवनीच्या रानाचे नाव राष्ट्रीय वृत्तपत्रांत झळकले. वाघाविषयी आमची काही तक्रार नाही. बेपत्ता वाघाची नोंद वनखात्याच्या वहीत होती, म्हणून तो बेपत्ता आहे हे कळले, एवढेच येथे पाहावे.

येथे पाचव्या गुणाकडे यावे लागते. चार अगति टाळा, असे संपादकास सांगून फार काही साधेल असे आम्हांस वाटत नाही. कोणीही आपण मोहाने जातो असे मानीत नाही. परंतु उद्दिट्ठ आणि अनुद्दिट्ठ यांची नोंद ही बाह्य, तपासता येण्यासारखी वस्तू आहे. आज कोणत्याही दैनिकात छापलेल्या बातमीचा हिशेब असतो; न छापलेल्या, किंवा एका परिच्छेदावर सोडून दिलेल्या बातमीचा नसतो. दुर्भिक्षातील राजगहात संघाने शलाका, म्हणजे चिठ्ठ्या, करून त्या मिसळून भोजन वाटण्याची रीत पाडली. वृत्तपत्राने चिठ्ठ्या टाकाव्यात असे आम्ही म्हणणार नाही. मात्र यादी करता येईल, आणि या बाबतीत ती नव्याने करण्याचीही आवश्यकता नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व संनियंत्रण समिती असते. नियम १७ अन्वये तिची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा व्हावयास हवी. राज्यस्तरावरील समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वर्षातून निदान दोनदा भरावी असे नियम १६ सांगतो. जिल्ह्यातील नोंदलेली प्रकरणे, तपासाची स्थिती, पीडितांस मिळालेले साहाय्य, हे सारे त्या बैठकीपुढे येणे अपेक्षित आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक दैनिकाचे कार्यालय आहे. तीन महिन्यांतून एक दिवस एका वार्ताहरास जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवून, तालुकानिहाय प्रकरणे किती, कोणती, आणि आपल्या अंकात त्यांपैकी किती आली व कोणत्या शीर्षकाखाली आली, एवढे एका चौकटीत छापण्यास फार जागा लागणार नाही. बैठकच झाली नसेल तर तसे छापावे. ती स्वतंत्र बातमी आहे. दैनिके हे करणार नसतील तर विहारांतून निघणाऱ्या नियतकालिकांनी आपापल्या जिल्ह्यापुरते ते करण्यास कोणाच्या अनुमतीची आवश्यकता नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, अर्जास दहा रुपये लागतात. भंडारा जिल्ह्याचे तालुके सात : भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी. प्रत्येकासाठी एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत दोन रकाने, छापलेले आणि न छापलेले.